एडक्याचे पाय

आमच्या दाजींनी गुडघ्याच्या ऑपरेशनला एकदाचा होकार दिला, पण सोबत एक अट घातली, आणि त्या अटीत मी सापडलो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. सांगोल्याच्या अलीकडं त्यांचं रान आहे. थोडी डाळिंबं, वीस-पंचवीस मेंढरं आणि एक एडका. दाजींचा उजवा गुडघा चार वर्षं कुरकुरत होता, गेल्या दिवाळीनंतर त्यानं कामच टाकलं. काठी टेकत, कशाला तरी धरत त्यांचं चालणं. त्यात एकदा एडक्यानं मागून येऊन अशी काही प्रेमाची धडक दिली, की दाजी दोन दिवस बाजेवर. डॉक्टरांनी सांगितलं, गुडघा बदलावा लागेल आणि त्यानंतर सहा महिने तरी या जनावराच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. भाचा पुण्यात नोकरीला. मेंढरं अक्का सांभाळेल, पण एडका अक्काला जुमानत नाही. म्हणून तो करकंबच्या एका ओळखीच्या पाहुण्यांना द्यायचं ठरलं. पाहुणे चांगले, कळप मोठा, एडका तिथं जावयासारखा राहिला असता. इथपर्यंत सगळं सरळ होतं. मग अक्काचा फोन आला.

“ऐक,” अक्का म्हणाली, “तुझे दाजी म्हंत्यात, आधी एडक्याचं चित्र काढून भिंतीला लावा. चित्र झालं की एडका देतो. एडका दिला की दवाखान्यात येतो.”

“मग घ्या की कुणाकडून काढून.”

“कुणाकडनं म्हंजे? घरात आर्टिस्ट असताना बाहेर जाऊ व्हय?”

घरातला आर्टिस्ट हे पद मला शाळेत असताना मिळालं. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट अशा दोन्ही परीक्षा मी पास झालो, आणि तेव्हापासून नात्यातल्या प्रत्येक लग्नात थर्माकोलची अक्षरं कापायला मलाच बसवतात. पुढं पोटापाण्यासाठी सोलापुरात कॉलेजच्या ऑफिसात चिकटलो, पण चित्रं सुटली नाहीत. मी फक्त काळ्या शाईत काढतो. लोकांना ती माझी शैली वाटते. खरं कारण असं, की मला रंगांची भीती वाटते. रंगात चुकलं की चुकलेलं दिसतं. शाईत चुकलं की त्यावर आणखी रेघा मारता येतात, आणि बघणारे म्हणतात, “किती बारीक काम केलंय!”

“अक्का, एखादा चांगला फोटो मोठा करून लावला तर?” मी पळवाट काढून बघितली.

पलीकडं फोन दाजींनी घेतला. “फोटो लई हायती पाव्हणं. फोटोत त्यो नुसता घावतो. चित्रात उभा ऱ्हाईल.”

फोन परत अक्काकडं गेला. तिनं आवाज खाली आणला. “रात्री कूस बदलताना ह्यांचा ओरडा ऐकवत न्हाय रे. डॉक्टर एप्रिलची तारीख देतो म्हंत्यात. ती चुकली की हे काय पुन्यांदा तयार व्हायचे न्हाईत. तेवढं कर.”

तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता.

चित्र काढायला थेट मोठा कागद घ्यायचा नसतो, एवढं मला कळतं. आधी काडेपेटीएवढे चौकोन आखायचे आणि त्यात नुसतं गिरबटून बघायचं. जनावर कुठं उभं राहील, आभाळ किती, काळं कुठं, पांढरं कुठं. याला थंबनेल म्हणतात. काडेपेटीत जे उभं राहत नाही ते मोठ्या कागदावरही राहत नाही. कॉलेजच्या रद्द झालेल्या अर्जांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी नऊ चौकोन केले. एकात एडका थेट समोरून अंगावर येणारा. एकात नुसतं तोंड, मागं मावळता सूर्य. एकात तो टेकडीवर उभा, आपण खालून बघतोय, पाठीमागं ढगांचे डोंगर. या टेकडीवाल्यावर माझा जीव जडला. तेजस्वी दिसावा म्हणून मी त्याला वळणदार शिंगंही दिली. नववा चौकोन रिकामा राहत होता, म्हणून त्यात एक साधा बाजूनं उभा एडका काढून टाकला, आणि सगळ्याचा फोटो दाजींना पाठवला.

दाजी मोबाईलवर लिहीत नाहीत, बोलून पाठवतात. पाच मिनिटांत आवाज आला. मागं मेंढरांचं बें-बें.

“पाव्हणं, रामराम. चित्रं पोचली. टेकडी कुटली काढली ही? आमच्यात टेकडी न्हाय. आन् शिंगं कुणी लावली? आमच्या एडक्याला शिंगं न्हाईत की. चार येळा बघितलाय तुमी त्येला.”

बघितला होता हे खरं. पण चारही वेळा तो मागं आणि मी पुढं पळत होतो, त्यामुळं कपाळाचा अभ्यास झाला नव्हता. नंतर मी वाचलं, की या माडग्याळ जातीच्या एडक्यांना शिंगं नसतातच. त्यांची सगळी ऐट नाकात. राघूच्या चोचीसारखं बाक घेतलेलं नाक, खाली लोंबणारे लांब कान, पांढऱ्या अंगावर तांबूस डाग.

पाठोपाठ दुसरा निरोप. “सगळ्यात शेवटचं, त्ये घ्या. बाजूनं हाय त्ये. एडका बघायचा तर बाजूनं बघावा. तोंडाकडनं बघतो त्यो मार खातो.”

म्हणजे आठ चौकोनांत ओतलेली प्रतिभा वाया, आणि जागा भरायला काढलेला नववा पास. मी टेकडीसाठी एकदा शब्द टाकून बघितला. दाजींचं उत्तर दोन सेकंदांचं होतं. “न्हाय.”

आता संदर्भासाठी फोटो हवे होते. आधी मी इंटरनेटवर शोधलं, तर सगळी थंड देशातली मेंढरं, ढगांना पाय फुटावेत तशी गुबगुबीत. मग दाजींनीच त्यांच्या मोबाईलमधले चाळीस फोटो पाठवले. वीस-एक फोटोंत दाजींचा अंगठा आडवा आलेला. सात फोटोंत एडका निघून गेलेला आणि धूळ शिल्लक. एकात नुसता कान. पण धुंडाळून धुंडाळून डोकं सापडलं, नाक सापडलं, पाठीची रेघ आणि डाग सापडले. सापडले नाहीत ते पाय. चाळीस फोटोंत एकदाही पाय पूर्ण दिसत नव्हते. कधी कडब्यात, कधी गवतात, कधी मेंढरांच्या गर्दीत.

सांगोल्याला जाऊन पाय बघून यावेत, हे सरळ होतं. पण मार्च म्हणजे ऑफिसात कामाचा डोंगर, आणि खरं सांगायचं तर त्या एडक्याच्या पायांशी जाऊन बसायची माझी छाती नव्हती. अशात आमच्या ऑफिसातला एक सहकारी आठवला. तो मोडनिंबचा. त्याच्या गावी याच जातीचा एडका आहे, आणि त्याच्या मोबाईलवर बायकोमुलांच्या आधी एडका दिसतो. स्वच्छ झाडलेल्या अंगणात, बाजूनं उभा, चारी पाय लख्ख. मी तो फोटो मागून घेतला. जात तीच, उंची तेवढीच, पाय चारच. वरचा एडका सांगोल्याचा, खालचा मोडनिंबचा. कुणाला काय कळणार होतं?

दोन्ही फोटो झेरॉक्सवाल्याकडून मोठे करून घेतले, कापून जोडले, आणि सकाळच्या उन्हात बाल्कनीच्या काचेवर धरून पेन्सिलीनं छापून घेतले. मग शाई. केसांची रेघ ज्या बाजूला केस वळतात त्याच बाजूला ओढायची, डाग असेल तिथं उलटसुलट रेघांची जाळी, पोटाखाली दाट, पाठीवर कागद कोराच सोडायचा म्हणजे ऊन पडल्यासारखं वाटतं. अकरा दिवस मी रोज संध्याकाळी हेच करत होतो. नाकाची रेघ एका दमात यायला हवी, म्हणून त्या दिवशी मी पंखा बंद केला. सोलापुरात मार्चमध्ये पंखा बंद करणारा माणूस एकतर आजारी असतो नाहीतर चित्रकार. बायको पदरानं वारा घेत दारात येऊन उभी राहिली.

“पंचवीस वर्षं झाली लग्नाला,” ती म्हणाली, “इतकं निरखून माझं नाही कधी चित्र काढलंत.”

“तू स्थिर कुठं बसतेस? आणि चित्राला बाजूनं बघावं लागतं. दाजी म्हणतात, तोंडाकडून बघतो तो मार खातो.”

“दाजींना कळतं,” असं म्हणून तिनं पंखा लावला. रेघ तोवर झाली होती, हे माझं नशीब.

चित्र आणि थोडे कोरे कागद दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये बांधून, दुरुस्ती लागलीच तर म्हणून पेन्सिल, टाक आणि शाईची बाटली पिशवीत घालून, शनिवारी मी सांगोल्याची एसटी धरली. कंडक्टरनं पुठ्ठ्यावर टिचकी मारली. “क्यारम हाय का?”

“एडका आहे.”

“मग टपावर बांधा,” म्हणत त्यानं तिकीट फाडलं आणि पुढं गेला.

अक्काच्या घरासमोर लिंबाखाली बाज टाकलेली होती. दाजींनी चित्र बाजेवर ठेवायला सांगितलं आणि काठी टेकत ते उठले. मला वाटलं होतं, ते बघतील आणि काहीतरी बोलतील. पण त्यांनी चित्राभोवती चक्कर मारली. खरंच सांगतो, बाजाराच्या दिवशी दावणीला बांधलेलं जनावर बघतात तशी, बाजेभोवती पूर्ण चक्कर. कोपरा उचलून चित्राच्या कोऱ्या पाठीकडंही नजर टाकली. मग पुढं येऊन वाकले. अक्का चहा घेऊन आली होती, ती कप हातात धरून तशीच थांबली.

“डोकं आमचं,” दाजी म्हणाले. “नाक आमचं. लई झ्याक आलंय नाक. पाठ आमची. डाग बरोबर.”

मी अक्काकडं बघून भुवया उडवल्या.

“पाय कुणाचे?”

“आँ?”

“पाय आमच्या एडक्याचे न्हाईत.”

अक्कानं कप बाजेच्या कडेवर आपटले. “झालं! झालं ह्यांचं सुरू! काल शिंगं, आज पाय, उद्या म्हणतील शेपटीला गाठ न्हाय. तुमाला दवाखान्यात जायचंच न्हाय, ते सांगा की सरळ. त्या लेकरानं अकरा दिवस डोळं फोडलं.”

लेकरू म्हणजे मी. वय वर्षं बावन्न.

“अगं, मी काय खोटं बोलतो व्हय?” दाजींनी काठीचं टोक चित्रातल्या खुरांच्या वर, कागदाला न लावता, धरलं. “हे खूर बघ. लांब वाढल्यात, पसरल्यात. हा एडका मऊ मातीत हिंडतो. काळ्या रानातला हाय. कॅनॉलच्या पाण्यातला. आमचं रान मुरमाड. हितं खूर दगडावर घासून आखूड व्हत्यात. हे पाय तिकडं माढ्याच्या अंगाचे हायती.”

मोडनिंब माढा तालुक्यात येतं, हे मला शाळेपासून माहीत आहे. पण शाईच्या चार रेघांत माती, पाणी आणि तालुका वाचणारा माणूस मी पहिल्यांदा बघत होतो. अक्का अजून बोलतच होती. मी मध्ये पडलो.

“अक्का, थांब. दाजी बरोबर आहेत.” आणि सगळं सांगून टाकलं. अंगठ्याचे फोटो, कडब्यातले पाय, ऑफिसातला सहकारी, झेरॉक्स, कात्री.

दाजी बाजेवर बसले आणि असे हसायला लागले की त्यांना ठसका लागला. अक्का आता माझ्याकडं वळली. “म्हंजे तू माझ्या नवऱ्याला फसवायला निघालावतास?”

“फसवायला कसलं, जरा भागवायला...”

“दाल्ला माझा खोटारडा न्हाय, भाऊच माझा खोटारडा,” ती म्हणाली, आणि चहाचे कप उचलून, एकही घोट न घेऊ देता, आत गेली.

शाई खोडता येत नाही. एखादी रेघ चुकली तर ब्लेडनं कागद हलकेच खरवडून काढता येते, पण चार पाय खरवडले तर कागदाला खिडकी पडेल. चित्र नव्यानंच काढायला हवं होतं. वरचं अंग जुन्या चित्रावरून छापून घेता आलं असतं, पाय मात्र समोर बघूनच काढावे लागणार होते. मी कॉलेजला फोन करून सोमवार-मंगळवारची रजा सांगितली. कारण विचारलं तेव्हा ‘घरगुती’ म्हणालो. एडका हा घरगुती प्राणी आहे.

रविवारी सकाळी एडक्याला लिंबाला बांधलं आणि त्याच्यापासून पाच हातांवर पालथ्या घमेल्यावर मला बसवलं. “दावं चार हाताचं हाय,” दाजी म्हणाले, “भिऊ नका.” एडक्यानं हे ऐकलं असावं. त्यानं लगेच दावं ताणून बघितलं, आणि मी घमेल्यासकट एक हात मागं सरकलो. मग तो माझ्याकडं पाठ करून उभा राहिला. मी घमेलं उचलून दुसऱ्या बाजूला गेलो, तर तोही फिरला. असं आमचं अर्धा तास चाललं. शेवटी दाजी काठी टेकत आले, माझ्या शेजारी बाजेवर बसले आणि जिभेनं टाळूवर ‘टक्’ असा एक आवाज काढला. एवढाच. एडक्याचे कान हलले. त्यानं डोकं न वळवता मान जरा वर घेतली, पुढचा डावा पाय अर्धं पाऊल पुढं टाकला आणि थांबला. दाजींकडं बाजू देऊन, जसा काही कुणी कुंचल्यानं जागेवर ठेवला.

“असा,” दाजी हळूच म्हणाले. “रोज मी बोलावलं की असा ऱ्हातो. काढा बिगीबिगी.”

मी काढत गेलो. पुढचे पाय, मागचे पाय, घोटे, खूर. पाय म्हणजे खांब असतात अशी माझी समजूत होती. ती पहिल्या कागदावरच गेली. मागच्या पायाला केवढी वळणं असतात, गुडघ्याखाली हाड कसं दिसतं, खूर दोन बोटांसारखे कसे जरा वेगळे राहतात. आखूड, कडेला झिजलेले, राखी रंगाचे खूर. दाजी बसल्या जागेवरून सांगत होते. “त्यो सांधा जरा वर घ्या. व्हय. आता झाला.” कॉलेजात साहेब मागं उभे राहिले तरी मी एवढा गोंधळत नाही. पण त्या सकाळी मी शिकवणीला बसलो होतो आणि मला ते आवडत होतं.

पाचव्या-सहाव्या कागदाला दाजी एकदम म्हणाले, “तुमी एडक्याला दुसऱ्याचे पाय लावले, आन् मला एका नजरंत कळलं.”

“चुकलं दाजी.”

“तसं न्हवं. आता मला डॉक्टर दुसरा गुडघा लावणार. सकाळी उठून मी पायाकडं बघीन, तर कुणाचा म्हणू?”

“तो धातूचा असतो दाजी. दुसऱ्या माणसाचा नसतो.”

“म्हंजे कुणाचाच न्हाय.”

मी टाक खाली ठेवला. दाजी एडक्याकडं बघत होते. माझ्याकडं बघून ते हे बोलले नसते. त्यांना बाजूनं बोलायचं होतं. अक्का म्हणते तशी ही टाळाटाळ नव्हती, आणि होतीही. माणूस घाबरलेला होता. साठीतल्या, रांगड्या माणसानं ‘मला भ्या वाटतंय’ म्हणायला एडका मध्ये लागला होता.

मी परत पायांकडं बघायला लागलो. मागच्या डाव्या खुराचा कोपरा तुटलेला दिसला. “हे काय झालंय?”

“त्ये व्हय? कोकरू होतं तवा तारंत पाय अडाकला. खूर चिरला. दोन म्हैने लंगडला. एक पाय उचलून तीन पायांवर हिंडायचा येडा. मग इसरला.”

“मग तुम्हीही विसराल.”

“मी काय एडका हाय व्हय?”

“त्येच्यापेक्षा हट्टी हाय,” स्वयंपाकघराच्या खिडकीतून अक्काचा आवाज आला. ती तिथं किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. पुढं ती एवढंच म्हणाली, “आन् तीन पायांवर हिंडणाऱ्याला भाकरी कोण घालतंय, ते बघू की आमी.”

दाजींनी मान खाली घातली, पण ओठ हसरे होते.

नवीन चित्र मी तिथंच, अक्काच्या पुढच्या खोलीत, जमिनीवर पाट घेऊन केलं. रविवारी दुपारी पेन्सिल, सोमवारी दिवसभर शाई. वरच्या अंगाला अकरा दिवस लागले होते ते आता एका दिवसात झालं, कारण कुठं किती रेघा लागतात हे हाताला कळलं होतं. आणि खरं म्हणजे निम्म्याच लागत होत्या. उरलेल्या मी चुका झाकायला मारल्या होत्या. ढग नाहीत, लिंब नाही, घर नाही. पायाखाली फक्त थोडा मुरूम ठिपक्या-ठिपक्यांनी. डावा पाय अर्धं पाऊल पुढं. मागच्या खुराचा तुटका कोपरा.

मंगळवारी सकाळी शाई वाळल्यावर चित्र भिंतीला टेकवून ठेवलं. दाजी समोर खुर्चीत बसले. या वेळी चक्कर मारली नाही. बराच वेळ बघत राहिले. मी श्वास धरून, अक्का पदर धरून. मग त्यांनी अक्काला हाक मारली.

“करकंबला फोन लाव.”

बास. चित्राबद्दल एक शब्द नाही. आजवर मला मिळालेली सगळी बक्षिसं एका बाजूला ठेवली (ती दोन आहेत), तरी हे वाक्य जड भरेल.

करकंबचे पाहुणे टेम्पो घेऊन आले त्या दिवशी मी नव्हतो. अक्कानं सांगितलं, की एडका टेम्पोत चढेना, चौघं लागले. शेवटी दाजींनी ‘टक्’ केलं आणि तो चढला. त्यानंतर दाजी गोठ्याकडं गेले आणि तासाभरानं आले. चढता चढता एडक्यानं पाहुण्यांना एक धडक दिली, ही बातमी मात्र दाजींनी मला स्वतः बोलून पाठवली. आवाज फार समाधानी होता.

एप्रिलमध्ये सोलापुरात ऑपरेशन झालं आणि विश्रांतीला दाजी आमच्याकडं आले. बरोबर, मेंढरं तेवढ्यापुरती शेजाऱ्यांवर सोपवून आलेली अक्का आणि फ्रेम केलेला एडका. फ्रेम पलंगासमोर लागली. ऑपरेशन छान झालं होतं, अडचण पुढं आली. व्यायामाला येणाऱ्या बाई सांगून गेल्या, रोज वॉकर धरून चालायचं, आज पाच पावलं, उद्या दहा. दाजी पलंगाच्या कडेला बसायचे, वॉकरला हात लावायचे आणि परत आडवे व्हायचे. “उद्या बघू.” समोर एडका होता, उठायची गरजच काय? आठ दिवस गेले. व्यायामाच्या बाई म्हणाल्या, असंच राहिलं तर गुडघा आखडेल आणि सगळं पाण्यात जाईल. त्या रात्री अक्का जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी दाजी उठले तर भिंतीवर नुसता खिळा.

“एडका कुटं गेला?”

“चरायला,” अक्का आतून म्हणाली.

“काय?”

“सकाळी चरायला सोडत न्हवता? सोडलाय. बघायचा तर या.”

चित्र तिनं बैठकीच्या खोलीत टीव्हीच्या वर टांगलं होतं. दाजींनी अर्धा तास तोंड फुगवून काढला. मग वॉकरचा आवाज आला. टक, टक. त्यांनी दारातून चित्र बघितलं, “सरळ लाव की, तिरकं हाय,” म्हणाले आणि परत गेले. अकरा पावलं जाऊन, अकरा येऊन. मी मोजली.

तेव्हापासून तो नेमच झाला. रोज सकाळी “आज कुटं नेलंस?” हा प्रश्न आणि अक्काचं “हुडका”. स्वयंपाकघरात फ्रिजवर. मागच्या दारी तुळशीजवळ. आमच्या बायकोला या खेळाचा अक्कापेक्षा जास्त नाद लागला, तिनं एकदा एडका न्हाणीघराच्या बाहेर साबणाच्या फळीवर ठेवला. दाजी म्हणाले, “पाव्हणं, तुमच्या घरात एडक्याची इज्जत न्हाय.” पण हे ते उभ्यानं म्हणाले.

मे महिन्यात, सहावा आठवडा चालू असताना, अक्कानं हिंमत करून फ्रेम थेट फाटकाबाहेर, विजेच्या मीटरच्या पेटीखालच्या खिळ्याला टांगली. सकाळचे साडेदहा, सोलापूरचं ऊन म्हणजे काय सांगावं. घरात दोन चकरा झाल्या, एडका नाही. मग वॉकर अंगणात उतरला. आम्ही तिघं खिडकीत. दाजी फाटकापाशी पोचले, बाहेर बघितलं आणि त्यांचा आवाज चढला.

“अगं ए! उन्हात बांधलंय की त्याला!”

त्यांनी वॉकर फाटकाला टेकवला. दोन्ही हातांनी फ्रेम खिळ्यावरून काढली, छातीशी धरली आणि कडेकडेनं, एकेक पाऊल टाकत, समोरच्या अशोकाच्या सावलीला निघाले. फाटकापाशी वॉकर एकटा उभा. अक्का ओरडणार होती, बायकोनं तिचं मनगट धरलं. दाजी झाडाखाली पोचले, फ्रेम बुंध्याला टेकवली, धोतराच्या सोग्यानं काच पुसली आणि खिडकीकडं तोंड करून आम्हा सगळ्यांना एकदम झापलं.

“एवढ्या उन्हात शाई उडाली असती, कळतं का कुणाला काय?”

काळी शाई उन्हानं उडत नाही. “चुकलं दाजी,” मी खिडकीतून म्हणालो.